छायाचित्राखालचा ‘निर्माता’

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हिप-हॉपवर पानभर लेख आला. मराठी वर्तमानपत्रात या संगीताला एवढी जागा मिळाली म्हणून मी तो दोनदा वाचला. पहिल्यांदा कौतुकाने, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. दुसऱ्या वेळी छायाचित्राखालच्या ओळीपाशीच अडले. ‘निर्माता आपल्या स्टुडिओत’. लेखातही तोच माणूस सुरुवातीला बीटमेकर आहे, मध्ये प्रोड्युसर आहे आणि शेवटाकडे संगीत निर्माता. जणू एकाच देवाची तीन नावं.

लेख माझ्या आत्यानेही वाचला आणि लगेच फोन केला. “अगं, तू पण हेच करतेस ना? म्हणजे तू निर्माती? मग गाण्यात पैसे तू घालतेस, आणि महिनाअखेरीला उसने मात्र माझ्याकडे मागतेस?” आत्याचं काही चुकलं नाही. मराठीत निर्माता म्हणजे पैसा उभा करणारा, मग नाटक असो की सिनेमा. हिप-हॉपमधला प्रोड्युसर खिशात हात घालतोच असं नाही. बहुतेकदा त्याचाच खिसा रिकामा असतो. पैसा लेबलचा, म्हणजे रेकॉर्ड कंपनीचा असतो. लेबल नसेल तर रॅपरच्या थोरल्या भावाचा.

पण भाषांतराची चूक त्या मानाने लहान आहे. मोठी चूक अशी की बीट बनवणं आणि गाणं प्रोड्यूस करणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि लेखाने त्यांची एकच मोट बांधली. मी गेली चौदा वर्षं बीट बनवते. त्यातली पहिली पाच वर्षं मी स्वतःला प्रोड्युसर म्हणवून घेत होते. ते खरं नव्हतं, हे कळायला एक दुपार पुरली. ती दुपार पुढे सांगते.

आधी बीट म्हणजे काय ते सांगू द्या. (आम्ही बीटला ‘ती’ म्हणतो, काही जण ‘तो’ म्हणतात. यावरून अजून तरी मारामारी झालेली नाही.) किक, स्नेअर, हाय-हॅट (ड्रमचा जड ठोका, कडक ठोका आणि झांजेची टिकटिक), खाली बेस आणि वर सुरांचा एखादा तुकडा. हा तुकडा कधी जुन्या रेकॉर्डमधून कापून घेतलेला असतो (त्याला सॅम्पल म्हणतात), कधी स्वतः वाजवलेला. चार किंवा आठ बारांचा (बार म्हणजे चार मात्रांचं आवर्तन) लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा, बसला की पुढचं सोपं वाटतं. तसं ते नसतं. एका स्नेअरवर माझी अख्खी रात्र गेलेली आहे. दोन स्नेअर एकावर एक ठेवायच्या, त्यातली एक केसभर मागे सरकवायची, इतकी की ऐकणाऱ्याला कळू नये पण मान मात्र हलावी. मग पहाटे फाइलला नाव द्यायचं ‘नवीन फायनल तीन’ आणि झोपायचं. हे सगळं एकटीने, हेडफोन लावून. समोर रॅपर नसतो, शब्द नसतात. बीट ही अजून कोणी राहायला न आलेली खोली असते, आणि मी प्रत्येक भिंतीवर चित्र टांगून मोकळी होते. येणाऱ्याला खिळा ठोकायलाही जागा उरत नाही.

लेखकाची दिशाभूल का झाली असावी, हे मी समजू शकते. या संगीताचा इतिहासच तसा आहे. ११ ऑगस्ट १९७३च्या रात्री न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत, डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी लावल्या. तिथून हिप-हॉपची जन्मतारीख धरतात. नाचणारी मुलं गाण्यातल्या एका ठरावीक जागेची वाट पाहतात हे त्याने हेरलं होतं. ती जागा म्हणजे ब्रेक, जिथे बाकी वाद्यं थांबतात आणि फक्त ताल उरतो. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो काही सेकंदांचा ब्रेक लांबवू लागला. त्या काळी बीटमेकर नव्हता आणि प्रोड्युसरही नव्हता. डीजे होता आणि माईकवर बोलणारा होता.

पुढचा भाग लेखात यायला हवा होता. हिप-हॉपची पहिली मोठी गाजलेली रेकॉर्ड १९७९ची, ‘रॅपर्स डिलाइट’. ती घडवली सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईने. तिने कुठलंही यंत्र वाजवलं नाही, सॅम्पल कापलं नाही. तेव्हा ते तंत्रच हाताशी नव्हतं. तिने तीन मुलं हेरली, त्यातला एक पिझ्झाच्या दुकानात काम करत होता. वादक बसवून ‘शिक’ या बँडच्या ‘गुड टाइम्स’ची चाल नव्याने वाजवून घेतली आणि साडेचौदा मिनिटांचं गाणं बाजारात आणायची हिंमत केली. म्हणजे रेकॉर्डवरच्या हिप-हॉपमध्ये प्रोड्युसर आधी आला, बीटमेकर नंतर. आणि ती बाई होती. पानभर लेखात तिच्यासाठी दोन ओळी निघायला हरकत नव्हती. (चालीच्या मूळ मालकांची परवानगी घेतली नव्हती. ती भानगड पुढे उभी राहिली आणि ‘शिक’च्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांची नावं गाण्यावर घालावी लागली. प्रोड्युसरच्या कामात हेही येतं.)

बीटमेकर यंत्राने घडवला. १९८७मध्ये ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० हे सॅम्पल भरून ठोक्यांत वाजवणारं यंत्र आलं, १९८८मध्ये रॉजर लिनने आराखडा केलेलं अकाईचं एमपीसी-६०. एसपी-१२००मध्ये सॅम्पलिंगला एकूण जेमतेम दहा सेकंद मिळत. मग पोरं मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५च्या वेगावर लावून पळवत, छोटी करून यंत्रात भरत आणि आत गेल्यावर पुन्हा हळू करत. त्या ओढाताणीत आवाज जो खरखरीत, धुरकट व्हायचा, त्यालाच पुढे लोक ‘नाइन्टीजचा साउंड’ म्हणून पुजायला लागले. आज तोच खरखरीतपणा मिळवायला आम्ही संगणकातले प्लग-इन विकत घेतो. असो.

यंत्र आल्यावर एकच माणूस तळघरात बसून सगळं करू लागला. बीट त्याचीच, रॅपर त्याच्याच समोर, ओरडणाराही तोच. वू-टँग क्लॅन या रॅपरांच्या टोळीच्या १९९३च्या पहिल्या अल्बममागचा रिझा घ्या. बीट तो बनवायचा आणि कोणाचा व्हर्स (रॅपचं कडवं) ठेवायचा, कोणाचा टाकायचा, हेही तोच ठरवायचा. तेव्हा ‘प्रोड्यूस्ड बाय’ या दोन शब्दांत दोन्ही कामं सुखाने नांदली. दोन खुर्च्यांवर एकच माणूस बसला होता आणि लांबून बघणाऱ्याला खुर्ची एकच दिसली.

डीजे प्रीमियरचं उदाहरण मला फार आवडतं. नाझ या रॅपरच्या १९९४च्या ‘इलमॅटिक’ अल्बममध्ये ‘एन. वाय. स्टेट ऑफ माइंड’ हे गाणं आहे. पियानोचा तो काळवंडलेला तुकडा प्रीमियरने कापला, ड्रम त्याने बसवले. इथवर तो बीटमेकर. मग नाझ माईकसमोर उभा राहिला आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नाही, असं काहीतरी पुटपुटला. पुढच्याच श्वासाला त्याने जो व्हर्स म्हटला तो आजही लोकांना तोंडपाठ आहे. प्रीमियरने ते पुटपुटणं पुसलं नाही. गाणं तिथूनच सुरू होतं. पुटपुटणं ठेवायचं हे ज्या कानाने ठरवलं, तो कान प्रोड्युसरचा. बीटच्या यंत्रावरच्या सोळा पॅडांपैकी एकावरही ते वाजत नाही.

आता माझी दुपार.

माझी बीट पहिल्यांदा विकली गेली तेव्हा मी ती एकाच फाइलमध्ये पाठवली, अलगद बांधलेल्या भेटीसारखी. रॅपरला मी कधी पाहिलं नव्हतं, त्याने काय लिहिलंय ते विचारलं नव्हतं. मिळालेल्या पैशांत हेडफोन आले आणि गाण्याखाली ‘प्रोड्युसर’ म्हणून माझं नाव आलं. मी ते घरातल्या सगळ्यांना दाखवलं. गाणं ऐकणाऱ्यांनी एकच गोष्ट लिहिली, शब्द ऐकू येत नाहीत. माझी बासरीसारखी सिंथची (इलेक्ट्रॉनिक वाद्याची) ओळ नेमकी त्याच्या आवाजाच्या पट्ट्यात होती, एक ते चार किलोहर्ट्झच्या मध्ये, जिथे शब्दांची व्यंजनं उमटतात. दोघं एकाच दारातून घुसायला बघत होते. मी म्हणत राहिले, मिक्सिंग करणाऱ्याची, म्हणजे शेवटी सगळे आवाज जुळवणाऱ्याची चूक. पाच वर्षं म्हणत राहिले.

मग एका गाण्यासाठी मला स्टुडिओत बोलावलं गेलं. बीट माझी, रॅपर विशीतला मुलगा. प्रोड्युसर पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ, त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत. मनात आलं, बीट तयार आहे, व्हर्स लिहिलेला आहे, हे गृहस्थ आता काय प्रोड्यूस करणार? त्यांनी बीट एकदा पूर्ण ऐकली, मान डोलावली आणि मला म्हणाले, “ताई, झकास आहे. आता बंद करा.”

बंद केली. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. त्या मुलाला म्हणाले, “म्हणून दाखवू नकोस. मला सांग, काय झालं होतं.” तो गांगरला. मग सांगू लागला, वडिलांच्या रात्रपाळीबद्दल, त्यांच्या चाव्यांच्या आवाजावरून पहाट झाली हे कळायचं त्याबद्दल. पाचेक मिनिटं सांगत होता. सर म्हणाले, “चाव्या दुसऱ्या व्हर्समध्ये आहेत. त्या दारातून आत घे आम्हाला. पहिला व्हर्स नको.” सोळा बार गेले. मुलाने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

मग माझी पाळी. माझ्या बीटमध्ये ३८ ट्रॅक होते. एकेक म्यूट करत सरांनी १७वर आणले. व्हायोलिनची ओळ माझी सर्वांत लाडकी, तिच्यावर मी आठवडा घातला होता. ती त्यांनी अख्ख्या गाण्यातून काढली आणि शेवटच्या चार बारांपुरती परत ठेवली. वेग मिनिटाला ९२ ठोक्यांवरून ८७वर आणला, कारण मुलगा धापा टाकत शब्द गिळत होता. पट्टी दोन अर्ध्या सुरांनी उतरवली, कारण हूक (गाण्याचं धृपद) म्हणताना त्याचा गळा ताणला जात होता. हूकच्या आधी दोन मात्रा किक बंद. “तिथे पायाखालची फळी निघू दे,” म्हणाले. प्रत्येक वेळी मला विचारत होते, “ताई, हे तुमच्याच्याने होईल का?” आणि मी दात-ओठ खात माऊस चालवत होते. माझ्या बीटचं मुंडण चाललं होतं आणि वस्तरा माझ्याच हातात.

रेकॉर्डिंगला मुलगा उभा होता. तीन टेक झाले. सर्व काही स्वच्छ, तालात, निर्जीव. सरांनी एक मोडकी खुर्ची आत नेऊन ठेवली. “बस. वडील झोपलेत असं समज. उठता कामा नयेत.” अकरा टेक झाले. शेवटी ठेवला तो बसून केलेला दुसरा. त्यात पाचव्या बारच्या आधी खुर्ची करकरते. मी म्हटलं, “सर, हे साफ करते.” म्हणाले, “हात लावू नका.”

घरी जाताना मी इतकी चिडले होते की हेडफोन बॅगेतच ठेवले. दोन दिवसांनी रफ मिक्स, म्हणजे गाण्याचा कच्चा मसुदा ऐकला. चाव्या, करकर, मग ती पायाखालची फळी निघणं, आणि शेवटच्या चार बारांत जिथे व्हायोलिन येतं तिथे मलाच भरून आलं. माझीच ओळ, पण मी ती सुरुवातीपासून वाजवून स्वस्त करून ठेवली होती. आणखी एक गोष्ट मग ध्यानात आली. त्या अख्ख्या दुपारी सरांनी कीबोर्डच्या एकाही पट्टीला बोट लावलं नव्हतं. एक सूर, एक ठोका त्यांचा नव्हता. आणि गाणं त्यांनीच घडवलं होतं.

रिक रुबिन या अमेरिकन प्रोड्युसरबद्दल वाचलं तेव्हा ही दुपार आठवली. एलएल कूल जे या रॅपरच्या १९८५च्या ‘रेडिओ’ या पहिल्या अल्बमच्या श्रेयनामावलीत ‘प्रोड्यूस्ड बाय’च्या जागी ‘रिड्यूस्ड बाय रिक रुबिन’ असं छापलेलं आहे. मराठीत सांगायचं तर ‘वजाबाकी: रिक रुबिन’. तेव्हा ड्रम मशीनवर हातही त्यांचाच होता, पण श्रेय मागितलं ते कमी केल्याचं. पुढे ते यंत्रांपासून दूर गेले. २०२३मध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका मुलाखतीत त्यांनी सरळ सांगून टाकलं की आपल्याला वाद्य जेमतेम येतं, तांत्रिक काही येत नाही. काय आवडतं आणि काय नाही, हे मात्र पक्कं ठाऊक आहे आणि लोक त्याचेच पैसे देतात. आमच्या धंद्यातली कितीतरी मुलं या मुलाखतीवर खवळली. माझी दुपार झाली नसती तर मीही खवळले असते.

डॉक्टर ड्रे या रॅपर-प्रोड्युसरवरूनही हीच कुरकूर चालते. त्याच्या १९९९च्या ‘स्टिल डी. आर. ई.’मधला तो ठेका धरणारा पियानो लोक डोळे मिटून ओळखतात. तो सुचला आणि वाजला कीबोर्डवादक स्कॉट स्टॉर्चच्या बोटांतून. शब्द लिहिले जे-झी या रॅपरने. मग ड्रेने केलं काय? माझ्या मते, जे केलं त्यामुळेच आपण तो पियानो ओळखतो. एवढी साधी गोष्ट जवळजवळ तशीच, उघडी, सबंध गाणंभर चालू द्यायची, वर काही रचायचं नाही, ही छाती बीटमेकरला सहसा नसते. मला तर अजिबात नाही. मी आठव्या बारला घंटी घालतेच.

हे वाचून कोणाला वाटेल की प्रोड्युसर वरच्या पायरीवर आणि बीटमेकर खालच्या. तसं मला मुळीच म्हणायचं नाही. उलट, बीट बनवणाऱ्या मुलांना ‘अजून तू प्रोड्युसर नाहीस’ असं हिणवणारे लोक भेटतात, त्यांचा मला राग येतो. डेट्रॉइटचा बीटमेकर जे डिला, त्याचा ‘डोनट्स’ ऐका. ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, तो अल्बम आला आणि तीन दिवसांनी डिला गेला. एकतीस तुकडे, बहुतेक एक-दीड मिनिटाचे, आणि त्यांवर कोणी रॅप केलेलं नाही. त्यांना रॅपरची वाट पाहायची नाही. यंत्र चुकलेला ठोका आपोआप रेषेवर आणून बसवतं, त्याला क्वांटाइझ म्हणतात. डिला ती सोय बऱ्याचदा खुशाल बंद ठेवायचा. त्याची किक आणि स्नेअर, एक थोडी घाईत तर दुसरी थोडी आळसात, आणि या दोघींच्या भांडणात जो झोका येतो तो पुढे हाडामांसाचे ड्रमर त्याच्याकडून शिकले. त्याचं एमपीसी-३००० आज वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे. बीट हे एवढं पुरेसं, पूर्ण काम असू शकतं. डिला गाणी प्रोड्यूसही उत्तम करायचा, पण ‘डोनट्स’ची थोरवी त्याच्या प्रोड्युसर असण्यावर टेकलेली नाही.

आणि यंत्रात शिरलेल्या ठोक्यामागेही माणूस असतोच. गायक जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मधला ब्रेक त्याचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्डने वाजवला. तो असंख्य हिप-हॉप गाण्यांत कापून घातला गेला, पण गाण्याच्या हक्कांत त्याचं नाव नसल्याने त्या सॅम्पलांची रॉयल्टी त्याला मिळाली नाही. त्याला आपला लेखक कोणत्या नावाने हाक मारणार? बीटमेकर नाही, प्रोड्युसर नाही, निर्माता तर नाहीच.

नावांचा हा घोळ नुसता शब्दांचा असता तर मी पेन्सिल ठेवून दिली असती. पण नावावर पैसे ठरतात. इंटरनेटने दोन खुर्च्या पुन्हा लांब केल्या आहेत. नेदरलँड्समधल्या यंगकिओ नावाच्या तरुणाने नाइन इंच नेल्स या बँडच्या २००८च्या एका वाद्यरचनेतला तुकडा घेऊन बीट बनवली आणि बीट विकण्याच्या संकेतस्थळावर टाकली. अमेरिकेतल्या लिल नॅस एक्स या रॅपरने ती तीस डॉलरला घेतली. गाणं तयार झालं तेव्हा दोघं भेटलेले नव्हते. ते ‘ओल्ड टाउन रोड’. २०१९मध्ये बिलबोर्डच्या यादीत सलग १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर. आता सांगा, प्रोड्यूस कोणी केलं? गाण्यात बीट यंगकिओची आहे. पण ती बीट काऊबॉयच्या गोष्टीसाठी आहे हे ओळखणारा कान विकत घेणाऱ्याचा होता. श्रेयनामावलीत प्रोड्युसर म्हणून यंगकिओ आणि ज्यांचा तुकडा घेतला ते. कागदावर हे बरोबरच आहे. मला मात्र वाटतं की तिथे प्रोड्युसरची अर्धी खुर्ची स्वतः गायकानेच भरली.

अशा संकेतस्थळावरून बीट घेताना बहुतेक मुलं लीज घेतात, म्हणजे भाड्याने. तीच बीट आणखी वीस जणांनी भाड्याने घेतलेली असू शकते. एक्सक्लुझिव घेतली तरच ती पुढे दुसऱ्याला विकली जात नाही. आणि स्टेम, म्हणजे किक वेगळी, बेस वेगळा, असे सुटे ट्रॅक नसतील तर सरांसारखा माणूस समोर बसला तरी काय म्यूट करणार? माझी पहिली भेटवस्तू आठवा, एकाच फाइलमधली. बीटमध्ये चाल असते, म्हणून बीट बनवणारा हा गाण्याच्या रचनेचा भागीदार आहे आणि रचनेच्या उत्पन्नात त्याचा हिस्सा बोलून, लिहून घ्यायला हवा. प्रोड्युसरचा मोबदला वेगळा, तो रेकॉर्डिंगच्या उत्पन्नातल्या टक्क्यांत ठरतो, त्याला ‘पॉइंट’ म्हणतात. दोन कामांना एकच शब्द वापरला की दोहोंपैकी एक हिस्सा गुपचूप गिळला जातो. माझा गेलेला आहे. कोणी गिळला ते सांगत नाही, करार मीच न वाचता सही केला होता.

सॅम्पलच्या परवानगीचंही तसंच. १९९१मध्ये बिझ मार्की या रॅपरवरच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच ‘चोरी करू नकोस’ या बायबलमधल्या आज्ञेने केली आणि तेव्हापासून परवानगीशिवाय सॅम्पल म्हणजे निखारा पदरात बांधणं झालं. डे ला सोल या रॅप गटाचे सुरुवातीचे गाजलेले अल्बम सॅम्पलांच्या कागदपत्रांच्या गुंत्यामुळे मार्च २०२३पर्यंत स्ट्रीमिंगवर येऊच शकले नव्हते. बीट बनवताना तुकडा कुठून घेतला ते मी लिहून ठेवते. परवानगी मिळेस्तोवर गाणं बाहेर जाऊ न देणं हे प्रोड्युसरचं. सर त्याबाबत माझ्या आत्यापेक्षा कडक होते.

त्या गाण्याचा फॉर्म भरताना गंमत झाली. रकाना एकच होता, ‘प्रोड्युसर’. बीट बनवणाऱ्यासाठी वेगळी जागाच नाही. सरांनी आधी माझं नाव लिहिलं, मग स्वतःचं. मी म्हटलं, “सर, मी प्रोड्यूस केलेलं नाही.” ते म्हणाले, “मी बीट बनवलेली नाही. पण फॉर्मला दोघांची नावं कळायला हवीत ना.” मग रचनेच्या रकान्यात माझं आणि त्या मुलाचं नाव घातलं, स्वतःचं घातलं नाही.

तेव्हा आपल्या पुरवणीला माझी विनंती एवढीच आहे. प्रोड्युसरला ‘निर्माता’ म्हणणं बंद करावं. खरं तर आपल्याकडे त्याच्यासाठी नेमका शब्द पडून आहे, संगीत दिग्दर्शक. आपण तो संगीतकाराला समानार्थी म्हणून इतका वापरला की त्यातला दिग्दर्शक हरवला. नाटकाचा दिग्दर्शक संवाद लिहीत नाही, रंगमंचावर येत नाही, तरी प्रयोग त्याचा असतो, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. तो शब्द आता सुटत नसेल तर सरळ ‘प्रोड्युसर’ छापावं, वाचक शहाणा आहे. आणि बीट बनवणाऱ्यासाठी मी एक शब्द सुचवते, बीटकार. गीतकार, संगीतकार यांच्या पंगतीत तो बसायला हरकत नसावी. आत्याला विचारून झालं आहे. तिला तो सोनारासारखा वाटला, आणि मला ते चाललं.

आपली,
एक बीटकार
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)

ता. क. छायाचित्रातल्या माणसाच्या हाताखालच्या यंत्राला लेखात ‘डीजेचा मिक्सर’ म्हटलं आहे. छायाचित्र मोठं करून पाहावं, चार ओळींत चार-चार अशा सोळा चौकटी मोजता येतात. ते एमपीसी आहे. मिक्सर त्याच्या मागे, फडक्याखाली झाकून ठेवलेला आहे.